पारावर टांगलेली दोनशे बारा नावं

रविवार, २९ डिसेंबर २०२४. लातूर.
सकाळी साडेसातच्या बसने नांदेडहून निघाले, साडेअकराला विरूपाक्षाच्या घरी पोचले. गुडघा बरा. उद्या वेळ अमावस्या, म्हणून घरात भज्जीसाठी शेंगा सोलणे, तिळाच्या पोळ्या, आंबिलाची गडबड. दुकान दुपारी बंद केले. मंजुश्रीने संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तिचा ‘पार’ सर्वांसाठी खुला केला आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली. मला त्यातले फार कळले नाही. थंडी बेताची.

रत्नम्मांनी आपल्या वहीत लिहिलेला, पण त्यांना न कळलेला हा पार म्हणजे वडाखालचा नव्हे. त्यांचा धाकटा भाऊ विरूपाक्ष याचं लातूरला भांड्यांचं दुकान. मंजुश्री त्याची एकुलती एक मुलगी. तिनं गावातच बीसीए केलं आणि मग दोन वर्षं नोकरीसाठी अर्ज पाठवण्यात घालवली. पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंनी तिला फोनवर सरळ सांगितलं होतं, ‘मार्क नका सांगू. स्वतः उभी केलेली एक तरी चालती वस्तू दाखवा.’

तेव्हापासून मंजुश्री दुकानाच्या गल्ल्यामागे लॅपटॉप मांडून बसायची. गिऱ्हाईक आलं की कुकरची शिट्टी दाखवायची आणि गेलं की पुन्हा बोटं चालवायची. तिला एक वेबसाइट करायची होती, फक्त प्रोग्रामर लोकांसाठी. तिथं यावं, आपलं खातं उघडावं, कुठल्या संगणकी भाषा येतात ते लिहावं, कोडचे तुकडे टाकावेत, अडलं तर विचारावं. आपल्याच गावात आणखी कोण प्रोग्रामर आहे, हेही शोधता यावं. तिला स्वतःला लातुरात असं कुणी सापडलं नव्हतं, म्हणून ही शेवटची सोय तिच्या फार जिव्हाळ्याची. बाकी सगळं शिकण्यासाठीच होतं. आज लॉगिन शिकली, उद्या फोटो चढवणं, परवा एखादं पान किती वेळा पाहिलं गेलं ते मोजणं. असं करत आठ महिन्यांत पार उभा राहिला.

घोळ झाला तो नमुन्याच्या माहितीत. रिकाम्या पारावर काहीच तपासता येईना. ‘अबक’, ‘कखग’ अशी दहा नावं टाकून पाहिली, पण गावानुसार शोधायचं तर गावंही खरी हवीत आणि माणसंही पुष्कळ हवीत. आणि तशी एक यादी तिच्याच लॅपटॉपवर तयार होती.

विरूपाक्ष अकरा वर्षांपासून समाजाची वधू-वर सूची चालवायचा. दर वर्षी मेळावा व्हायचा, त्याआधी पुस्तिका छापायची. लोक दुकानात येऊन स्टुलावर बसून मुला-मुलींची माहिती सांगायचे आणि मंजुश्री ती तक्त्यात भरायची. नाव, गाव, शिक्षण, उंची, घरची जमीन, आवडी, फोन, राहता पत्ता. काही घरं म्हणायची, ‘अण्णा, फोन-पत्ता छापू नका, तुमच्यापाशीच ठेवा.’ अशांसाठी मंजुश्री छापण्याआधी ते रकाने झाकून टाकायची. तक्त्यात रकाना झाकला की तो दिसत नाही आणि छापतही नाही. दोनशे बारा नोंदी. तिनं तो तक्ता पाराला जोडून दिला. तिच्याच लॅपटॉपवर तर होता सगळा पसारा. बाहेर कोण बघणार?

पार खुला करण्याआधी तिनं आठवणीनं ही सगळी नावं पारावरून पुसली आणि दहा खोट्या नावांची नवी फाइल केली. पण साइट दूरच्या सर्व्हरवर पहिल्यांदा उभी राहते तेव्हा तिची ती आपोआप नमुना भरून घेते, आणि कुठली फाइल भरायची ते जिथं लिहिलं होतं, तिथं जुन्या तक्त्याचंच नाव राहून गेलं. रविवारी संध्याकाळी तिनं स्वतःचं खातं उघडून पाहिलं, ‘पारावर स्वागत’ हे शब्द पाहिले आणि साखर वाटायला स्वयंपाकघरात गेली.

वेळ अमावस्येला लातूर ओस पडतं. दुकानांना कुलपं, गल्ल्या रिकाम्या, जो तो रानात. विरूपाक्षाची वडिलोपार्जित चार एकर जमीन देवणीच्या अलीकडे. सकाळी सातला जीप भरून सगळे निघाले. चुलतभावंडांना दाखवायचं म्हणून मंजुश्रीनं लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेतली होती.

‘रानात ते यंत्र कशाला गं?’ विरूपाक्षानं विचारलं. ‘पांडवांला दाखवतीस का?’

‘हाव, अप्पा. पाचही जणांचं खातं उघडते.’

रानात पोचल्यावर कडब्याची कोप उभी राहिली. पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले. मंजुश्रीची आई भाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं चुलीवर ठेवत होती. विरूपाक्ष आंबिलाची कळशी घेऊन चर शिंपायला, म्हणजे पिकावर आंबील उडवायला निघणार, इतक्यात मंजुश्रीचा फोन थरथरला. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. रानात सिग्नल तुटका, म्हणून ती विहिरीच्या कडेच्या मातीच्या ढिगावर चढली.

फोन सत्यमचा होता, तिच्या वर्गातला. आदल्या संध्याकाळी तिनं त्यालाच पहिल्यांदा पाराचा पत्ता पाठवला होता.

‘मंजे, काय उघडलंस गं हे? प्रोग्रामरचा पार हाय का वधू-वर मेळावा?’ तो हसत सुटला होता. ‘एका पोरीच्या नावापुढं “येणाऱ्या भाषा”मधी काय लिहिलंय माहितंय का? पुरणपोळी, भरतकाम, इंग्रजी टायपिंग! एकाची उंची पाच फूट नऊ, घरची बारा एकर. पायथन कुणालाच येऊन नाही राहिलं.’

मंजुश्रीच्या पायाखालची माती घसरली, खरोखरच. तिनं विहिरीच्या कठड्याला हात टेकला.

‘तू काय काय बघितलंस?’

‘समदं. फोन नंबर, पत्ते...’

‘नंबर? नंबर कसे दिसतील? ते तर मी झाकले होते.’

‘झाकले म्हणजे पुसले का?’ सत्यमचं हसू आता ओसरायला लागलं. ‘अगं, म्हणजे ही खरी माणसं हायत?’

‘कुणाला पाठवलंस तू हे?’

‘मला वाटलं खोटी नावं असतील...’

‘सत्यम, कुणाला?’

‘रात्री ग्रुपवर टाकलं. गंमत म्हणून. नांदेडच्या... आणि उदगीरच्या पण. तिथून पुढं कुठं गेलं ते मला न्हाई माहीत.’

तिनं फोन कापला. ढिगावरच लॅपटॉप उघडला, त्याला फोनचं नेट जोडलं. पान उघडायला लागलं. अर्धं उघडून थांबलं. ती दोन पावलं वर सरकली. पुन्हा थांबलं. खाली कोपेपाशी कुणीतरी तिला जेवायला हाका मारत होतं.

साइट बंद करण्याचं बटण समोर आलं तेव्हा तिचं बोट तिथंच थांबलं. एकदा बंद केली की कोणाचं पान किती वेळा पाहिलं गेलं हे कधीच कळणार नाही. तिनं आकड्यांचं पान उघडलं. तिनं स्वतः कौतुकानं केलेलं मोजमाप. बहुतेक नावांपुढे दोन, तीन, एक. एका ठिकाणी पाच. आणि नोंद क्रमांक सत्त्याऐंशीपुढे एकेचाळीस.

सत्त्याऐंशी म्हणजे शिवांगी.

मंजुश्रीनं बटण दाबलं. पार बंद झाला. पडदा पांढरा झाला.

शिवांगी देवणीची. दीड वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा उदगीरच्या अमरेशशी झाला होता. तो तिचा फोन तपासायचा, कुणाशी बोललीस म्हणून विचारायचा. एकदा भर रस्त्यात त्यानं तिच्या थोबाडीत मारली. तिच्या आईनं, दानम्मानं, दुसऱ्याच दिवशी अंगठी परत पाठवली. त्यानंतर अमरेश तिच्या कॉलेजच्या फाटकापाशी उभा राहायला लागला. तिनं तीनदा नंबर बदलला. शेवटी ती कुणाला न सांगता नांदेडला गेली आणि एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली. सहा महिन्यांपूर्वी दानम्मा दुकानात आली होती. स्टुलावर बसून, दाराकडे बघत, आवाज खाली करून तिनं नवा नंबर आणि तरोडा नाक्याजवळच्या खोलीचा पत्ता सांगितला होता. ‘अण्णा, पोरीचं पुन्हा जमावं म्हणून देऊन राहिले. तुमच्याबिगर कुणाला कळू नये.’ तो पत्ता मंजुश्रीनंच टाइप केला होता.

‘कुणाचा फोन होता?’

रत्नम्मा ढिगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. गुडघ्यामुळे वर चढल्या नव्हत्या.

‘काही नाही, आत्या. साइटमधे जरा चूक होती. काढून टाकली.’

‘मग एवढ्या हाका मारल्या, त्या कशा ऐकू आल्या नाहीत?’

मंजुश्रीनं लॅपटॉप मिटला. मनात ती झरझर हिशेब मांडत होती. पान बंद झालं. सत्यमला सांगायचं, ग्रुपवरून काढ. अप्पांना कळायची गरज नाही. अकरा वर्षांत त्यांच्या सूचीतून एक नंबर बाहेर गेला नव्हता. ती खाली उतरली आणि आत्यापुढे उभी राहिल्यावर तिला खोटं बोलता येईना. दोन मिनिटांत सगळं सांगून झालं.

चाळीस वर्षं रत्नम्मांनी शाळेत शिकवलं होतं. मुलांचं पूर्ण ऐकून घ्यायची त्यांना सवय होती.

‘पान तू काढलंस,’ त्या म्हणाल्या. ‘ज्यानं ते एकेचाळीस वेळा पाहिलं, त्याच्या डोक्यातून कसं काढणार आहेस?’

‘तोच असेल असं कशावरून?’

‘नसेल तर देवाची कृपा. शिवांगीला फोन लाव.’

फोन बंद. पुन्हा लावला. बंद.

‘सोमवारी, कामाच्या दिवशी, सकाळी पावणेअकराला लॅबमधल्या मुलीचा फोन बंद का असावा?’ रत्नम्मांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कोपेकडे चालायला लागल्या. ‘चल. विरूला सांग.’

‘तुम्ही सांगा ना, आत्या.’

‘मी केलंय का ते?’

विरूपाक्ष रानाच्या दुसऱ्या टोकाला होता. हरभऱ्यात उभा राहून तो पानांनी आंबील शिंपत होता. मंजुश्री धापा टाकत त्याच्यापर्यंत पोचली आणि बोलली. बोलताना तिनं फक्त त्याच्या हातातल्या कळशीकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

‘किती नावं?’ त्यानं विचारलं.

‘सगळी. दोनशे बारा.’

‘दानम्माच्या पोरीचा पत्ता?’

‘तो पण.’

चर अर्धा शिंपलेला टाकून रानातून निघत नाहीत. विरूपाक्षानं कळशी बांधावर ठेवली, धोतर झटकलं आणि जीपकडे चालू लागला. ‘अक्का, तू मागं बस. मंजे, पुढं ये.’ मंजुश्रीची आई पातेल्यापासून उठून ‘काय झालं? नैवेद्य राहिलाय!’ म्हणत धावली. तो म्हणाला, ‘तू दाखव नैवेद्य. आम्ही नांदेडला जाऊन राहिलो.’

सव्वाअकराला जीप डांबरी रस्त्याला लागली. अलीकडे पलीकडे सगळ्या रानांत कोपी, माणसं, धूर. सण चालला होता.

रत्नम्मांनी मागच्या बाकावरून नांदेडला विठाबाईंना फोन लावला. विठाबाई त्यांच्या घरामागे राहायच्या, मुलांच्या खानावळीत पोळ्या लाटायच्या. अंगानं काटक, आवाजानं दांडग्या.

‘विठाबाई, हातातलं लाटणं खाली ठेवा.’

‘ठिवलं. कोण मेलं?’

‘अजून कुणी नाही. डॉक्टर लेनमधल्या लॅबमध्ये जायचंय. शिवांगी नावाची मुलगी, सव्वीस वर्षांची. तिला सांगा की उदगीरच्या माणसाला तिचा पत्ता कळला असेल. एकटीनं खोलीवर जाऊ नको.’

‘डॉक्टर लेनमधी लॅबा हायत का दोन-चार? गल्लीभर हायत की ओ. बरं, हुडकते.’

मग त्यांनी पोलिसांचा एकशेबारा लावला. शांतपणे, एकेक शब्द सुटा करत, मुलीचं नाव, खोलीचा पत्ता, माणसाचं नाव, आधी काय काय घडलं ते सांगितलं. पलीकडच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि गाडी पाठवतो म्हणाल्या.

उदगीर आलं तशी मंजुश्री एकदम ताठ झाली.

‘अप्पा, गाडी थांबवा.’

‘आता काय?’

‘ती फाइल अजून एका ठिकाणी आहे.’ ‘साइट बंद केली, पण माझा सगळा कोड मी एका जागी ठेवते, ती जागा सगळ्यांना खुली असते. त्या कंपनीच्या बाईंना बघता यावं म्हणून. तक्ता त्यातच आहे.’

विरूपाक्षानं तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

‘म्हणजे घराला कुलूप लावून चावी दाराला लटकवलीस.’

गाडी चालूच ठेवून त्यानं ती रस्त्याच्या कडेला घेतली. मंजुश्रीनं मांडीवर लॅपटॉप उघडला. नुसती फाइल पुसून भागणार नव्हतं. जुना इतिहास चाळणाऱ्याला ती तिथं सापडलीच असती. तिनं ती अख्खी जागाच मिटवली. खरंच मिटवायचं का, असं दोनदा विचारणा झाली आणि तिनं दोनदा हो म्हटलं. आठ महिन्यांतल्या एकेका दिवसाचं काम तिथं तारखेवार मांडलेलं होतं. पुण्याच्या बाईंना तेच दाखवायचं होतं. हे तिला मिटवल्यानंतर आठवलं, आणि आठवूनही तिथं थांबायला तिला वेळ नव्हता.

‘झालं?’

‘झालं. चला.’

मुखेडच्या पुढे विठाबाईंचा फोन आला. रत्नम्मांनी तो स्पीकरवर लावला.

‘बाई, लॅब घावली. पोरगी न्हाई तिथं. सकाळधरनं तिला कुण्याकुण्या नंबरावरून फोन येत होते म्हणं, लगीन करती का, भेटती का. तिनं रडून फोनच बंद केला अन् बाराला सुट्टी टाकून खोलीवर गेली.’

‘एकटी?’

‘हाव, एकटी. मी बी तिकडंच निघालेय, ऑटोत हाय.’

विरूपाक्षानं गाडी दामटली. रस्त्याचं काम चालू होतं, मधूनमधून तो उखडलेला, खडीचे ढीग. मंजुश्री शिवांगीचा नंबर लावत राहिली. प्रत्येक वेळी तेच रेकॉर्ड केलेलं वाक्य. तिच्या मनात तो आकडा मोठा होत होता. एकेचाळीस. रात्रीतून कधी? सकाळी सातला जरी त्याला कळलं असेल तरी उदगीरहून मोटरसायकलवर तीन तास.

दीडच्या सुमाराला पुन्हा विठाबाई. आता त्यांचा आवाज बसलेला होता, कुजबुजता.

‘आलाय बाई. पांढऱ्या शर्टातला. खाली गाडी लावून उभा हाय.’

‘शिवांगी कुठं आहे?’

‘वर. आतून कडी लावलीय. मी जिन्यात बसलेय. मला म्हणला, मावशी, इथं शिवांगी राहती का. मी म्हणलं, राहत होती, गेली खोली सोडून. तर म्हणला, बाहेर चपला कुणाच्या? मी म्हणलं, माझ्या. तर म्हणला, मावशी, तुमच्या पायात तर हायत चपला.’

रत्नम्मांनी फोन तोंडाजवळ आणला.

‘मग?’

‘मग काय! म्हणलं, मला चार पाय हायत, तुला काय करायचंय? पर तो हलत न्हाई. तुम्ही कुठवर आलाव?’

‘पाऊण तास,’ विरूपाक्ष म्हणाला. ‘विठाबाई, उठू नका तिथनं.’

‘उठतेय कशाला! मरेस्तोवर बसते.’

रत्नम्मांनी पुन्हा एकशेबारा लावला. आधी पाठवलेली गाडी बाराच्या आत खोलीला कुलूप बघून परत गेली होती. मंजुश्रीनं डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण मिटले की तिला तो जिना दिसत होता.

तरोडा नाक्याची गल्ली अरुंद. जीप तोंडाशीच सोडून विरूपाक्ष धावला, मागे मंजुश्री. दुमजली घर, बाहेरून जिना, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर विठाबाई पदर खोचून बसलेल्या, आणि त्यांच्यासमोर, हाताच्या अंतरावर, अमरेश. त्याचा आवाज चढलेला नव्हता. मंजुश्रीला त्याची तीच गोष्ट जास्त भिववून गेली.

‘या अण्णा,’ तो विरूपाक्षाला म्हणाला. ‘सणाच्या दिवशी तुम्ही इकडं?’

‘घरी जा, अमरेश.’

‘मला दोन मिनिटं बोलायचंय तिच्याशी. बास.’

‘तिला न्हाई बोलायचं.’

‘मग पत्ता कामून टाकला जगापुढं?’ त्यानं फोन पुढे केला. पडद्यावर शिवांगीचं पान, फोटो काढून ठेवलेलं. नाव, नंबर, खोली, गल्ली. ‘तुमच्या सूचीतलं हाय ना हे? तुम्हीच बोलावलं, मी आलो. माझं काय चुकलं?’

विरूपाक्षाच्या वहीत अमरेशचंही नाव होतं. साखरपुडा मोडला तरी, त्याचे वडील जुने स्नेही म्हणून, त्यानं ते खोडलं नव्हतं. हे मंजुश्रीला माहीत होतं आणि अमरेशलाही.

‘अप्पांनी नाही टाकला. मी टाकला,’ मंजुश्री म्हणाली. ‘चुकून टाकला. ती चूक माझी. पण पत्ता दिसला म्हणून इथपर्यंत गाडी मारत यायचं, ते तुम्ही ठरवलंत. ते माझ्या अंगावर टाकू नका.’

‘तू लहान हायस. मधी पडू नको.’

‘मधीच हाय मी. मीच टाकला तो पत्ता.’

तो एक पायरी वर चढला. विठाबाई उठल्या नाहीत. त्यांनी फक्त दोन्ही हातांनी दोन्हीकडचे कठडे धरले. रत्नम्मा तोवर गल्लीतून लंगडत येऊन पोचल्या होत्या, आणि त्यांच्यामागे पोलिसांची गाडी तोंडाशी थांबलेली दिसली. दोन हवालदार उतरले, एक बाई, एक पुरुष.

अमरेशनं गाडी पाहिली, फोन खिशात टाकला आणि हसला. ‘एवढं काय झालंय?’ असं तो हवालदारबाईंना विचारत राहिला. त्याला गाडीत बसवलं तेव्हाही तेच विचारत होता.

कडी निघायला दहा मिनिटं लागली. विठाबाईंनी, मग रत्नम्मांनी, मग हवालदारबाईंनी हाका मारल्या. शेवटी दार बोटभर उघडलं.

शिवांगीनं आधी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि मंजुश्रीवर येऊन थांबली. ‘तूच का ती, दुकानात टाइप करणारी?’

‘हो.’

‘किती वेळ होतं ते सगळ्यांना दिसत?’

‘काल संध्याकाळी पाच दहापासून आज सकाळी दहा बेचाळीसपर्यंत.’

‘काय काय?’

‘नाव, नंबर, पत्ता, शिक्षण, उंची.’

‘किती जणांनी पाहिलं?’

‘एकेचाळीस.’

‘एकेचाळीस माणसांनी? का एकाच माणसानं एकेचाळीस वेळा?’

मंजुश्रीनं मोजणी लिहिली तेव्हा हा प्रश्न तिच्या मनातही आला नव्हता. ‘ते कळायची सोय मी केलेली नाही,’ ती म्हणाली.

‘करायला पाहिजे होतीस.’ शिवांगीनं दाराची चौकट धरली होती. ‘मला आता पुन्हा नंबर बदलावा लागणार. ही खोली सोडावी लागणार. माफी मागू नको मला, ऐकायला बळ न्हाई. माझं नाव अजून कुठं कुठं राहिलंय ते शोध. एकेक ठिकाण. आणि मला कागदावर लिहून दे.’

‘देते.’

‘आणि बाकीच्यांना सांगितलंस का? त्या यादीत माझ्यासारखी दुसरी कुणी नसेल कशावरून?’

विरूपाक्षानं खिशातली वही चाचपली.

हवालदारबाईंनी जबाब लिहून घेतला. त्याला आज नोटीस देऊ, पण तुम्ही काही दिवस इथं राहू नका, असं त्यांनी सांगितलं. शिवांगीनं दोन पिशव्या भरल्या. रत्नम्मांनी एक पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागल्या, तेव्हा कुणाकडे जायचं ते ठरलं.

पाच वाजता भाग्यनगरातल्या रत्नम्मांच्या घरी विरूपाक्ष ओट्यावर बसला. न छापलेले नंबरही असलेली ती वही खिशातून काढून त्यानं पहिलं पान उघडलं, पहिला नंबर लावला आणि फोन मंजुश्रीपुढे धरला.

‘तू बोल.’

तिनं आपण कोण ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं, तुमच्या मुलीचा नंबर अमुक वेळ दिसत होता, अनोळखी फोन आले तर उचलू नका, तुम्हाला हवं तर नाव काढून टाकते. पलीकडचे गृहस्थ शिव्या देऊन थांबले आणि म्हणाले, नाव काढ. दुसऱ्या घरी कुणी उचललं नाही. सगळे अजून रानात असतील. तिसऱ्या घरच्या बाई एवढंच म्हणाल्या, ‘अण्णांच्या घरातून असं व्हावं!’ विरूपाक्षाला ते ऐकू गेलं. त्यानं चौथा नंबर लावला.

खिडकीशी शिवांगी बसली होती. तिनं चहा घेतला नाही, पण प्रत्येक फोन ऐकत होती. अकराव्या फोननंतर ती न बघताच म्हणाली, ‘उंची नको सांगू त्यांना. नंबर दिसला आणि पत्ता दिसला, एवढंच सांग. घाबरवू नको, पण लपवू पण नको.’

मंजुश्रीनं बाराव्या घरी तसंच सांगितलं.

अंधार पडेस्तोवर एकोणतीस घरं झाली. चौदा जणांनी नाव काढायला सांगितलं. एकशे त्र्याऐंशी उरली.

आत रत्नम्मांनी वही उघडली. तारीख घातली, नांदेड लिहिलं, दिवसभरातलं वेळेनुसार मांडलं आणि शेवटी एक ओळ लिहून वही मिटली:

मागच्या दाराची कडी ढिली होती. सहा वाजता सुतार बोलावून नवी बसवून घेतली.